पाळतीच्या कायद्याला हरकत घ्यायची आहे? सोलापूरकरांनी खासदार-आमदारांना पत्र कसं लिहावं

दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ ला लोकसभेत मांडलं गेलं. २० तारखेला तिथे मंजूर झालं, २१ तारखेला राज्यसभेतही. सरकारने कुणाचा फोन कधी ऐकायचा, कुणाचे संदेश कधी वाचायचे, याचा अधिकार देणारं कलम २० याच कायद्यात आहे. विधेयक आल्याची बातमी वाचून त्याच संध्याकाळी सोलापुरातून कुणी टपालपेटीत पत्र टाकलं असतं, तरी ते खासदारांच्या टेबलावर जाईपर्यंत मतदान उरकलेलं असतं.

पण याच कायद्याचा पहिला मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला होता. म्हणजे आवाज उठवायला सव्वा वर्ष हाताशी होतं. बहुतेकांना कायद्याची चाहूल लागते ती शेवटच्या चार दिवसांत, आणि तेव्हा पूनम गेटसमोर घोषणा देण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. आंदोलनं व्हायलाच हवीत. त्याच्या आधी करायचं एक काम मात्र घरबसल्या होतं आणि फार थोडे लोक ते करतात: आपल्याच मतदारसंघातल्या लोकप्रतिनिधीला, विशिष्ट कलमाबद्दल, वेळेत लिहिलेलं पत्र. ते कसं लिहायचं आणि पोचवायचं, हे ज्यांनी आजवर असं पत्र कधीच लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

लिहून काही होतं का?

होतं, पण प्रत्येक वेळी नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता. सांकेतिक रूपात पाठवलेल्या मजकुराची साधी, वाचता येईल अशी प्रत लोकांनी ९० दिवस जपून ठेवावी, अशी अट त्यात होती. टीकेचा असा भडिमार झाला की काही दिवसांतच तो मसुदा मागे घ्यावा लागला. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, तिथून स्थायी समितीकडे गेलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला, काही सदस्यांनी त्याला आपली भिन्न मतं जोडली, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं.

उलट उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. तरीही जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मूळ मसुद्यातल्या काही गोष्टी मात्र बदलल्या. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा किमान दर्जा उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत नेला गेला. कायदा अडला नाही याचं दुःख मला आहेच. पण ज्याच्या घरी उद्या तपास अधिकारी येईल, त्याच्यासाठी हा बदल लहान नाही.

आधी मसुदा हातात घ्या

व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोषवाऱ्यावरून पत्र लिहू नका. केंद्राचं विधेयक संसदेच्या संकेतस्थळावर, संसद डॉट इनवर मिळतं. राज्याचं विधेयक विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बघा. विधेयक मांडण्याआधीचा मसुदा त्या-त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतो. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. ते पाळलं गेलं नसेल तर पत्रातला तो तुमचा पहिला मुद्दा. पीआरएस ही संस्था प्रत्येक विधेयकाचा सोप्या इंग्रजीत सारांश देते. तो आधी वाचला की मूळ मजकूर समजायला जड जात नाही.

सगळं विधेयक पाठ करायचं नाही. अधिकार देणारं कलम शोधा आणि त्याला काही प्रश्न विचारा.

हुकूम कोण देणार? आणि त्या हुकुमावर नजर कोण ठेवणार? आपल्याकडे दुखणं इथेच आहे. फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देतात आणि तो योग्य होता का हे तपासणारी समितीही अधिकाऱ्यांचीच: केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली, राज्यात मुख्य सचिवांच्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर बंधनं घातली, पण न्यायाधीशाची आगाऊ परवानगी सक्तीची केली नाही. पुढे काय झालं ते डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात आहे. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या, हुकूम तपासणाऱ्या समितीपुढे दर बैठकीला १५ ते १८ हजार हुकूम तपासायला असतात, असं तिथे नोंदवलं आहे. एका बैठकीत इतके हुकूम वाचून तरी होतील का? हा आकडा पत्रात जरूर घाला. खासदारांनाही तो ठाऊक असेलच असं नाही.

मग माहिती किती काळ ठेवणार? २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यात बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे नमुने यांसारख्या नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद आहे, आणि तो कायदा दोषी ठरलेल्यांपुरता नाही, अटक झालेल्यांनाही लागू होतो. पाळत संपल्यावर, काहीच निघालं नाही तर, त्या माणसाला कधी कळवणार का? यंत्रणेने चूक केली तर शिक्षा कुणाला? आणि सरकारने स्वतःला कुठे वगळलं आहे? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम १७ बघा. सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून मोकळं करू शकतं. नव्या विधेयकात अशी सवलत असेल तर ती बहुधा शेवटच्या प्रकरणांत असते, म्हणून मागची पानं चाळायला विसरू नका.

यांतल्या एकाच प्रश्नावर पत्र लिहा. सगळे मुद्दे घालण्याचा मोह आवरा.

पत्र कुणाच्या नावे?

टपाल, दूरध्वनी, इंटरनेट हे केंद्राचे विषय आहेत. पोलिस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. विधेयक संसदेत असेल तर खासदार, विधिमंडळात असेल तर आमदार. नगरसेवकाला यात मत नाही.

आपल्या जिल्ह्यात इथेच गोंधळ होतो. सोलापूर जिल्ह्यात राहता म्हणजे तुमचे खासदार सोलापूरचेच, असं नाही. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे विधानसभा मतदारसंघ सोलापूर लोकसभेत येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढा लोकसभेत. बार्शीकर तर उस्मानाबाद म्हणजे धाराशिव लोकसभेचे मतदार. बार्शीच्या माणसाने सोलापूरच्या खासदारांना लिहिलं तर कार्यालयातला माणूस पत्ता बघूनच ते बाजूला ठेवील. पदवीधर असाल आणि नाव नोंदवलेलं असेल तर विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर मतदारसंघाचे आमदारही तुमचेच. शिक्षकांना पुणे विभाग शिक्षक मतदारसंघ आहे. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार आहेत, केंद्राच्या विधेयकावर त्यांनाही लिहिता येतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पत्रातली मागणी त्यावर ठरते. २०२४ मध्ये सोलापुरातून प्रणिती शिंदे, माढ्यातून धैर्यशील मोहिते पाटील आणि उस्मानाबादमधून ओमप्रकाश राजेनिंबाळकर निवडून आले. तिघेही केंद्रात विरोधी बाकांवर. त्यांना ‘या कायद्याला विरोध करा’ एवढंच लिहून तुम्ही नवीन काय सांगितलं? त्यांना द्यायचं ते साहित्य: आपल्या भागातलं उदाहरण, दुरुस्तीचा नेमका मजकूर, मंत्र्यांना विचारायचा प्रश्न. संसदेत प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, हे लक्षात ठेवून तारीख धरा.

राज्यात चित्र उलटं आहे. शहरातल्या तिन्ही विधानसभा जागा २०२४ मध्ये सत्तेतल्या भाजपकडे गेल्या. सत्ताधारी आमदाराला ‘विधेयकाविरुद्ध मत द्या’ म्हणणं व्यर्थ आहे. पक्षादेश (व्हिप) निघाला की राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, आमदारकीच पणाला लागते. त्यांच्याकडे मागायचं ते एखादं संरक्षण, एखादी दुरुस्ती, विधेयक संयुक्त समितीकडे पाठवण्याची शिफारस, किंवा पक्षाच्या बैठकीत हा मुद्दा मांडण्याची विनंती. समितीत पक्षादेश चालत नाही. तिथे सत्ताधारी सदस्यही मोकळेपणाने शंका काढू शकतो. तुमचे लोकप्रतिनिधी त्या समितीवर असतील तर तुमच्या पत्राचं वजन कितीतरी वाढतं.

पत्राचा मजकूर

एक पान पुरे, दुसऱ्या पानावर जाऊ नका. सुरुवातीलाच आपण या मतदारसंघाचे मतदार आहोत हे सांगा, मग कलम, मग ते आपल्या घरात काय करील ते, आणि शेवटी एकच मागणी, जिचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल. खाली एक नमुना देतो. त्यातलं विधेयक आणि कलम काल्पनिक आहे. उतरवून काढायला नाही, बांधणी कळावी म्हणून दिलाय.

प्रति,
मा. खासदार, सोलापूर लोकसभा मतदारसंघ
विषय : अमुक विधेयकातील कलम अमुक यास दुरुस्ती सुचवण्याबाबत

महोदया,

मी आपल्या मतदारसंघातील मतदार असून अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो. आमच्या घरात चौघांत मिळून एकच स्मार्टफोन आहे. सिमकार्ड माझ्या नावावर आहे. आई विडी कामगार आहे, तिच्या भविष्य निर्वाह निधीचा ओटीपी याच फोनवर येतो. मुलीच्या कॉलेजचा ग्रुप यावरच आहे आणि पत्नीचे दवाखान्याचे रिपोर्टही यावरच येतात.

सदर कलमानुसार सचिव दर्जाचा अधिकारी कोणाच्याही फोनवर पाळत ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. आदेश माझ्या नावे निघाला तरी ऐकले जाईल ते चौघांचे. तो आदेश योग्य होता की नाही हे न्यायाधीशाने तपासण्याची तरतूद विधेयकात नाही. काहीही आक्षेपार्ह न सापडल्यास आम्हाला कळवण्याचीही तरतूद नाही.

असा प्रत्येक आदेश सात दिवसांच्या आत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर ठेवावा, अशी दुरुस्ती आपण या कलमास सुचवावी, ही विनंती. आपण ती सुचवणार आहात किंवा कसे, हे कृपया पत्राने कळवावे.

आपला नम्र,
नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल, सही

यात ताकद आहे ती त्या चौघांत मिळून असलेल्या एका फोनची. गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत हे चित्र घरोघर दिसतं, पण दिल्लीत कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते नसतं. वकील असाल तर अशिलाशी होणारं बोलणं, डॉक्टर असाल तर रुग्णाची माहिती, पत्रकार असाल तर बातमी देणारा माणूस: ज्याच्या त्याच्या कामात हा कायदा कुठे बोचतो ते ज्यानेत्याने लिहावं.

कायद्याचा आधार एका वाक्यात द्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पाळतीसाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि त्या हेतूला पुरेल इतकीच पाळत हवी, अशी कसोटी त्यातून आली. आपल्या उच्च न्यायालयाचाही दाखला देता येतो: ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे केंद्राचे आदेश रद्द केले आणि मिळवलेली ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली.

आधार क्रमांक, मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहू नका, झेरॉक्सही जोडू नका. नाव-पत्ता पुरतो. कुणाला देशद्रोही, हुकूमशहा म्हणू नका. पत्र वाचणारा स्वीय सहायक असली पत्रं पहिल्या ओळीवरच बाजूला काढतो.

मराठीतच लिहा. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जात असेल आणि मराठी लिहायची सवय नसेल तर ज्याला येतं त्याने लिहून द्यावं. पण आधी ऐकून घ्या, लिहिलेलं वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. त्यांच्या बोलण्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवा.

शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा दहा जणांची दहा निरनिराळी पत्रं मला जास्त मोलाची वाटतात. निवेदन देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी छापून येतो आणि कागद फायलीत जातो. दहा वेगळी पत्रं आली तर कुणाला तरी दहा वेळा वाचावं लागतं, दहा नोंदी होतात, दहा उत्तरं द्यावी लागतात. मंडळात, बचत गटात बसून लिहा, पण मजकूर प्रत्येकाचा वेगळा ठेवा. पोस्टकार्डही चालतं. पन्नास पैशांत एक कलम आणि एक मागणी सहज मावते.

पोचवायचं कसं

ईमेल पाठवाच. खासदारांचे पत्ते संसद डॉट इनवर प्रत्येकाच्या नावापुढे आहेत. पण त्यावर थांबू नका. कागदी पत्र टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टने पाठवा. जुनी रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. पावती आणि तिच्यावरचा क्रमांक जपा.

सगळ्यात चांगलं म्हणजे संपर्क कार्यालयात स्वतः जाऊन देणं. दोन प्रती न्या. एक त्यांना, एक तुमची. कार्यालयातलं माणूस बहुतेक वेळा म्हणतं, ‘साहेब मुंबईला गेलेत, ठेवून जा मावशी, सांगतो.’ तुम्ही शांतपणे म्हणायचं, ‘ठेवते की. माझ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख तेवढी द्या.’ पोच घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का नसेल तर सही, नाव आणि तारीख घ्या. पोच मागितली म्हणून कुणी रागावलं तर वाद घालू नका, तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. निघताना स्वीय सहायकाचा फोन नंबर मागून घ्या, पुढचं काम त्याच्याशीच आहे.

अधिवेशनाच्या काळात खासदार दिल्लीत असतात, हिवाळी अधिवेशनात आमदार नागपुरात. त्यामुळे अधिवेशन सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीची वेळ सगळ्यात बरी.

विधेयक समितीकडे गेलं तर

ही संधी सोडू नका. समिती वर्तमानपत्रांतून आणि संकेतस्थळावर जाहीर सूचना देते, मुदत थोडीच असते. संसदीय समितीला निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत द्यावं लागतं. राज्याच्या समितीला मराठीत चालतं. इथे एक पान पुरणार नाही: कलम, त्यावरची हरकत आणि सुचवलेला पर्यायी मजकूर असे तीन रकाने पाडून लिहा. समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं त्यातच नमूद करा. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, म्हणून ते फेसबुकवर टाकू नका. खासदारांना लिहिलेलं पत्र मात्र खुशाल सगळ्यांना दाखवा.

भीती वाटते त्यांच्यासाठी

‘पाळतीविरुद्ध लिहिलं तर आपल्यावरच पाळत बसेल,’ असं जाणती माणसंसुद्धा बोलून दाखवतात. आपल्या लोकप्रतिनिधीला सभ्य भाषेत, मसुद्यातल्या कलमावर लिहिणं हा गुन्हा नाही. तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा सरळ भाग आहे. भीती खरी आहे, तिला हसू नका. एकट्याने लिहायला धजावत नसेल त्याच्यासोबत आणखी चारजणांनी त्याच दिवशी लिहावं. १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ सोसला आहे आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या फाशीचं दुःख पचवलं आहे. उत्तरदायित्व नसलेली सत्ता काय करते हे सोलापूरकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही, आणि एवढं वाक्य पत्रात लिहायला हरकत नसावी.

सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र जपून. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीकेला त्यांत मर्यादा आहेत. लिहिण्याआधी ते नियम वाचा किंवा संघटनेतल्या जाणकाराला विचारा.

पत्र दिल्यानंतर

पंधरा दिवसांनी फोन करा. आवक नंबर सांगा आणि पत्र साहेबांपर्यंत किंवा ताईंपर्यंत गेलं का ते विचारा. आणखी पंधरा दिवस काही कळलं नाही तर पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन चार ओळींचं स्मरणपत्र द्या. ‘आपले पत्र संबंधित मंत्र्यांकडे पाठवण्यात आले आहे’ असं उत्तर आलं तर त्या पत्राची प्रत मागा. आपल्या लोकप्रतिनिधीने सभागृहात तुमचा मुद्दा मांडला तर दोन ओळींचं आभाराचं पत्र जरूर लिहा. तक्रारींच्या ढिगात ते त्यांच्या नक्की लक्षात राहील आणि पुढच्या वेळी तुमचं पत्र उघडलं जाईल.

कायदा मंजूर झाला तरी काम संपत नाही. तपशील नियमांत असतात, आणि ते नंतर येतात. दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ चा, त्याखालचे फोन ऐकण्याचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये हरकतींसाठी निघाला, तेव्हा आधी १८ फेब्रुवारीची मुदत होती, ती ५ मार्चपर्यंत वाढवावी लागली. म्हणून विधेयक मंजूर झाल्याच्या दिवशी पत्राची फाईल बंद करू नका. संबंधित मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाका, आणि मसुदा नियम निघाले की कलमाच्या जागी नियमाचा क्रमांक घालून तेच पत्र मंत्रालयाला पाठवा, एक प्रत खासदारांच्या कार्यालयात, शिक्क्यासह.